कात्री लावलेली साडी

माझ्या कपाटात एक साडी आहे, ती मी कुणालाही देऊ शकत नाही. तिच्यात जीव अडकलाय म्हणून नव्हे. तो अडकला आहेच, पण ते पुढे सांगते. देऊ शकत नाही याचं कारण अगदी साधं आहे. तिचा ब्लाउज पीस आधीच कापलेला आहे, कापलेल्या टोकाला पिको केलेला आहे आणि खाली फॉलही लावलेला आहे. अशी साडी आहेरात चालत नाही, ती नेसावीच लागते. प्रमिलाताई गायधने यांनी ती मला माझ्या निवृत्तीच्या दिवशी दिली ती याच हेतूने. वर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घे मंदा. आता पाहू कशी फिरवतं."

हे फिरवणं आमच्याकडे फार. लग्न असो, वास्तू असो की तेरवी, मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडचा पाहुणा साडी घेतल्याशिवाय दारात येत नाही आणि साडी मिळाल्याशिवाय परत जात नाही. त्यामुळे कुठल्याही कापडाच्या दुकानात गादीवर टेकलं की पहिला प्रश्न येतो, "नेसाची दाखवू का देण्याची?" नेसायची साडी उघडतात, अंगावर टाकून आरशात बघतात, दारात उजेडाला नेऊन रंगाची खात्री करतात. देण्याची साडी कुणी उघडत नाही. घडीवरून हात फिरवला की झालं. ती घरी येते, कपाटाच्या वरच्या कप्प्यात बसते आणि पुढचं लग्न निघालं की बाहेर पडते. ज्या घरी जाते तिथेही तिची जागा वरच्याच कप्प्यात. आमच्या तालुक्यात अशा कित्येक साड्या वर्षानुवर्षं फिरत असतात आणि एकीच्याही अंगाला लागत नाहीत. प्रमिलाताईंचं उभं वैर या वरच्या कप्प्याशी होतं.

त्या सौंसरच्या आमच्या सरकारी कन्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी हिंदी. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की त्या आठवीला पचनसंस्था शिकवायला लागल्या की पलीकडे माझ्या सहावीला भूक लागायची. त्यांना एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याचं कापड चिमटीत धरायचं आणि अंगठ्याखाली चोळून बघायचं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांची बाही त्यांनी अशीच धरली आणि म्हणाल्या, "सर, हे पॉलिएस्टर आहे. आपल्या उन्हाळ्यात घामोळं येईन." साहेबांनी तपासणी लवकर आटोपली.

शाळेत कुणी नवी साडी नेसून आली की आम्ही सगळ्याजणी कुठून घेतली, केवढ्याला पडली, हे विचारायचो. त्या विचारायच्या, "कितव्यांदा नेसली?"

"पहिल्यांदाच, ताई."

"मंग काऊन एवढं सांगून राहिली? दहाव्यांदा नेसशीन तवा दाखवजो."

स्वतः त्या चार-दोन साड्यांवर आख्खं वर्ष काढायच्या. एक जांभळी सुती होती, ती तर आम्हाला शाळेच्या घंटेइतकी पाठ झाली होती. कुणी काही बोललं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "कापड नेसाले असते बाई, फिरवाले नाही." हे वाक्य त्या भांडताना म्हणायच्या, हसताना म्हणायच्या, आणि एकदा तर शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आभार मानताना, काही संबंध नसताना म्हणाल्या.

त्यांचे यजमान, आम्हा सगळ्यांचे काका, वीज मंडळात होते. ते अचानक गेले. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. कुणी नदीत सोडतं, कुणी देऊन टाकतं. तेरवीच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांनी काकांच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलं होतं. प्रमिलाताई उठल्या, गाठोडं सोडलं आणि एकेक शर्ट परत खुंटीला लावला. "माणूस गेला. शर्टानं काय केलं?" एवढंच म्हणाल्या. पुढे त्या ते शर्ट स्वतःच घालायला लागल्या. सलवारीवर काकांचा चौकड्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पाण्याचा पाइप, अंगणातल्या संत्र्याला पाणी चाललंय. गल्लीला हे पचायला फार जड गेलं. मलाही गेलं, खोटं कशाला सांगू. मी एकदा चाचरत काहीतरी बोलले तर पाइप खाली न ठेवता म्हणाल्या, "लोकं फोटोले हार घालते, मंदा. मी त्यायले अंगात घालून राहिली." मी घरी आले आणि माझ्या नवऱ्याच्या शर्टांकडे बराच वेळ बघत बसले.

या शर्टानेच त्यांना मोबाईलमध्ये नेलं. नेलं खरं तर पल्लवीने. पल्लवी ही त्यांची भाची, पांढुर्ण्याच्या भावाची एकुलती मुलगी. अकरावी-बारावीला ती सौंसरला आत्याकडेच राहिली होती, त्यामुळे भाची कमी आणि लेक जास्त. नागपूरला नोकरीला लागल्यावर ती सुट्टीत आली, आत्याचा शर्टातला व्हिडिओ काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकून मोकळी झाली. खाली कुणीतरी हिंदीत लिहिलं, "आंटी, गरीब हो क्या?" प्रमिलाताईंनी चष्मा लावून, एका बोटाने, सावकाश उत्तर टाइप केलं, "नहीं बेटा. पेंशन है. शर्ट अच्छा है."

हे उत्तर व्हिडिओपेक्षा जास्त चाललं. मग त्यांना चटकच लागली. माझा आजवरचा समज असा की मोबाईल हे रोज काहीतरी नवं विकत घ्यायला लावणारं यंत्र आहे, आणि तसं ते आहेही. पण त्याच यंत्राच्या एका कोपऱ्यात कुठल्या कुठल्या मुली आजीची साडी नेसून दाखवत होत्या, फाटक्या जीन्सला रंगीत ठिगळ लावत होत्या, तोच कुर्ता पाच तऱ्हांनी घालत होत्या, आणि नको असलेले कपडे एकमेकींना देत-घेत होत्या. प्रमिलाताईंना या मुली सापडल्या आणि मुलींना प्रमिलाताई. त्या आईच्या नऊवारी लुगड्याची गोधडी दाखवायच्या, जुन्या चादरीचं पोलकं दाखवायच्या, आणि दर व्हिडिओत ती जांभळी साडी. मुली खाली लिहायच्या, "आत्या, आज कितव्यांदा?" सगळ्या जगाच्या त्या आत्या झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "तिकडं पुण्या-मुंबईत याले फॅशन म्हणते अन् आपल्याकडं गरिबी. मी मधात बसून दोघायलेही सुनावून राहिली."

सुनावायच्याही. एका कपड्याच्या कंपनीने त्यांना पार्सल पाठवलं. पर्यावरणाला जपणारी नवी साडी, ती नेसून चार शब्द बोला म्हणून. त्यांनी पार्सल कॅमेऱ्यासमोर धरलं, न उघडता परत चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "जुनं वाचवाले नवं घ्या म्हणते हे लोकं. माह्याजवळ आहे बाप्पा साडी." पार्सल दुसऱ्या दिवशी पोस्टाने परत गेलं. पल्लवी नागपुरात कपाळाला हात लावून बसली असणार.

संक्रांतीला त्यांनी कमालच केली. आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा निरोप आला की या वर्षी माझ्याकडे या, पण वाण म्हणून प्लास्टिकची डबी मिळणार नाही. कपाटात नुसती पडून असलेली एक साडी आणा, दुसरीची घेऊन जा, आणि घरी जाऊन नेसून फोटो टाका. ग्रुपवर चिडीचूप. एक तर विधवा बाईच्या घरचं हळदीकुंकू, त्यात दुसरीच्या अंगावरून उतरलेली साडी. एकीने धीर करून लिहिलं, "ताई, हळदीकुंकवाचं कसं करायचं?" उत्तर आलं, "हळदीकुंकू नको म्हणू. नुसतं ये."

बायका आल्या, कारण न येऊन राहवेना. साड्यांचा ढीग दिवाणावर, आणि आम्ही सगळ्या भिंतीला पाठ लावून. पहिला हात कोण घालणार? प्रमिलाताईंनीच ढिगातली सगळ्यात विटकी साडी उचलली, खांद्यावर टाकली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. मग कॉलेजातल्या दोन पोरी पुढे झाल्या, मग त्यांच्या आया, आणि मग अशी झुंबड उडाली की चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो यायला लागले. आमच्या गल्लीतल्या एका बाईने आपली न आवडलेली साडी शेजारणीच्या अंगावर पाहिली आणि तिला ती एकाएकी फार आवडली. ती परत मागायला प्रमिलाताईंकडे गेली. "कपाटात होती तवा दिसली नाही का?" एवढंच ऐकून परत आली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पुढचं तसं नव्हतं.

नोकरीत असताना प्रमिलाताई मुलींना स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा धडा शिकवायच्या. पक्ष्याच्या पायात कडी घालून सोडतात, मग तो कुठे कुठे जाऊन आला ते कळतं. हा धडा त्यांनी स्वतः फारच मनावर घेतला. त्यांना जेव्हा रीत म्हणून देण्याची साडी द्यावीच लागे, तेव्हा त्या पदराच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, लाल दोऱ्याची एक बारीक गाठ मारून ठेवत. कुणाला दिसायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पाखरू सोडलं. पाहू, येते का."

पाखरू आलं. लोधीखेड्याला नणंदेच्या मुलीच्या लग्नात त्यांनी एक पोपटी साडी दिली होती, जांभळ्या काठाची. त्यानंतर काही वर्षांनी भाऊबीजेला पांढुर्ण्याहून भाऊ आला, ओवाळून घेतलं, ताटात साडीची पिशवी ठेवली आणि जेवून गेला. भाऊ म्हणजे वसंतराव, पल्लवीचे वडील. त्यांचं पांढुर्ण्याच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, चांगलं चालणारं. प्रमिलाताईंनी संध्याकाळी पिशवी उघडली. पोपटी साडी, जांभळा काठ. पदराच्या कोपऱ्यात लाल गाठ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी त्या दिवशी ते हसण्याचंच समजले. त्यांनी फोन करून करून साडीचा सगळा रस्ता काढला होता. नणंदेने ती जामसांवलीच्या मारुतीला नवसाचा स्वयंपाक होता तेव्हा तिथल्या पाहुणीला दिली, पाहुणीने पांढुर्ण्याच्या एका वास्तुशांतीत वसंतरावांच्या बायकोला, आणि तिथून ती भाऊबीजेला सौंसरला. "माह्यापेक्षा जास्त फिरली, बाप्पा, ही साडी," त्या म्हणाल्या आणि दिवाणावर बसून, साडी मांडीवर घेऊन, हेच मोबाईलसमोर सांगितलं. नाव कुणाचं घेतलं नाही, फक्त गावं सांगितली. शेवटचं गाव पांढुर्णा आणि शेवटचं निमित्त भाऊबीज. आता त्यांना भाऊ एकच आहे हे सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कुणाला ठाऊक नाही? आपण कुणाचं नाव घेतलं नाही, म्हणजे कुणाला कळणार नाही, असं त्यांच्यासारख्या बाईला वाटलं याचं मला अजून नवल वाटतं.

व्हिडिओ जोरात सुटला. लांब लांबच्या बायका लिहायला लागल्या की आमच्याकडेही एक अशीच निळी आहे, एक गुलाबी आहे, आमची पण घरी परत आली. पण तो नात्यातल्या आणि समाजाच्या प्रत्येक ग्रुपवरही गेला, आणि वसंतरावांच्या दुकानातही पोचला. मी प्रमिलाताईंकडे बसले असतानाच त्यांचा फोन आला. स्पीकर सुरू होता, बंद करायचं ताईंना सुचलं नाही.

"तुले समजते का तू काय करून राहिली? गिऱ्हाईक गादीवर बसते अन् विचारते, शेठ, ही किती गावं फिरून आली?"

"मंग सांग ना, नाही फिरली. खरं असन तर."

"तो व्हिडिओ डिलीट कर, ताई. अन् ग्रुपवर लिही, मजाक होता म्हणून."

"मजाक नव्हता तो, वसंता."

मग वसंतराव म्हणाले, "मंग पल्लवीच्या लग्नात येऊ नको. मी पत्रिका पाठवणार नाही." आणि फोन बंद झाला.

पल्लवीचं लग्न ठरलं होतं, माघात होतं. प्रमिलाताईंनी चहाचे कप उचलले, विसळले, पालथे घातले. मग मोरीतूनच म्हणाल्या, "माहेर एका डिलीटवर आलं, पाह्य." मला त्यांचा रागही आला. एक बटण दाबायचं, एवढंच तर होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "दाबतो मी. तू फक्त सांग, त्यात खोटं काय आहे." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं त्याही चिडल्या की स्वतःबद्दल 'दाबतो, जातो' म्हणायच्या. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

मग पल्लवी आली. ती पोर बिचारी दोन्हीकडून भाजत होती. तिच्या लग्नात आत्या नसणं म्हणजे तिला आई नसल्यासारखंच, आणि वडिलांसमोर बोलायची सोय नाही. "आत्या, काढून टाक ना. लग्न झालं की पुन्हा टाकजो. कोणाले काय समजते?"

"म्हणजे खोटं लग्नापुरतं बोलाचं?"

"माह्यासाठी तरी."

प्रमिलाताईंनी तिला जवळ घेतलं. बराच वेळ तिच्या ओढणीचं टोक चिमटीत धरून चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "पल्लू, तुह्यासाठी काहीही मागजो. माह्या तोंडावर हात ठेवाले नको सांगू." पोर रडत नागपूरच्या बसला बसली. त्या दिवशी प्रमिलाताई मला पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या.

पत्रिका खरंच आली नाही. माझं माहेर पांढुर्ण्याचं, वसंतरावांच्याच गल्लीतलं, त्यामुळे मला आली. लग्नाच्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर पोचले तर प्रमिलाताई आधीच येऊन उभ्या होत्या. अंगावर ती पोपटी साडी. तिचाच पीस कापून शिवलेलं ब्लाउज, फॉल लावलेला, नीट इस्त्री. मी हळूच म्हटलं,

"पत्रिका नाही ताई तुमच्याजवळ."

"भाचीच्या लग्नाले पत्रिका लागते का? चाल, बस लागली."

आख्ख्या मंगल कार्यालयाने ती साडी ओळखली. सगळ्यांनीच तिला मोबाईलमध्ये पाहिलं होतं. वधूच्या शालूपेक्षा तिच्याकडेच जास्त माना वळल्या. कुजबुज आमच्या पुढे पुढे चालली होती. प्रमिलाताई सरळ स्टेजवर चढल्या, पल्लवीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि कागदातला आहेर तिच्या हातात दिला. आत त्यांची ती जांभळी सुती होती. धुऊन, खळ घालून, घडी केलेली. पल्लवीने कागद तिथेच फाडला, साडी खांद्यावर शालूवरून घेतली आणि फोटोवाल्याला म्हणाली, "आता काढा." नवरदेवाकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पल्लवीला त्यांचं काही पडलं नव्हतं. ही पोर आत्याच्याच हाताखालून गेलेली, हे मला तेव्हा कळलं.

वसंतराव स्टेजच्या पायऱ्यांशी उभे होते, पाहुण्यांना हात जोडत. प्रमिलाताई खाली उतरल्या तरी त्यांनी मान वळवली नाही. तेवढ्यात नात्यातली एक म्हातारी मधे आली. ती मोबाईलवाली नव्हती, तिला व्हिडिओचं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त रंग दिसला.

"प्रमिले, हिरवी काऊन नेसली वं? गायधने जाऊन एवढी वर्षं झाली."

प्रमिलाताईंचा तो वर्गाबाहेर जाणारा आवाज त्या वेळी निघाला नाही. त्या हळू बोलल्या, पण वसंतरावांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

"भावानं दिली, मावशी. भाऊबीजेले. भावानं देल्ली तर नेसाचीच ना?" मग त्या भावाकडे वळल्या. "फिरलेली होती त्याचं मले काही नाही, वसंता. तू दिवसभर गिऱ्हाइकाले साड्या उघडून उघडून दाखवतं. माही एक उघडून पाहिली असती, तर रंग दिसला असता तुले."

एवढंच. मला तेव्हा समजलं की त्या दिवशी दिवाणावर त्यांच्या डोळ्यांत पाणी कशाचं होतं. व्हिडिओत त्यांनी सगळी गावं सांगितली होती, हे मात्र सांगितलं नव्हतं. वसंतरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. समोर उभा असलेला पाहुणा नमस्कार घेऊन कधीच पुढे गेला होता.

आम्ही जेवलो. प्रमिलाताई पोटभर जेवल्या, मठ्ठा दुसऱ्यांदा मागून घेतला. लोक बघत होते, बघू दिलं. जेवताना मी पाहिलं, वसंतराव कार्यालयात नव्हते. मुलीचं लग्न टाकून हा माणूस कुठे गेला, अशी कुणकुण सुरू झाली होती. आम्ही निघालो तेव्हा वहिनी फाटकापर्यंत धावत आल्या. लेकीने माहेरातून रिकाम्या हाती जायचं नसतं म्हणून त्यांनी एक पिशवी नणंदेच्या हातात दिली. "त्यायनं दिली," म्हणाल्या आणि डोळे पुसत परत गेल्या. पिशवीवर दुकानाचं नाव होतं.

दुसऱ्याच दिवशी मी मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले ती बरेच महिने अडकले. तिथेच मला कळलं की प्रमिलाताई झोपेतच गेल्या. तेरवीलाही मला पोचता आलं नाही. म्हणून माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट ही पांढुर्णा-सौंसर बसमधलीच.

पांढुर्णा मागे पडलं तरी पिशवी मांडीवर तशीच होती. बाहेर बागांमधून संत्र्याचे ट्रक भरत होते. मी म्हटलं, "उघडा तरी." त्यांनी साडी बाहेर काढली. राखाडी, बारीक जांभळ्या काठाची, मऊ सुती. दुकानातल्या देण्याच्या गठ्ठ्यातली नव्हती ती, हे मलाही कळलं. सवयीने त्यांची चिमूट कापडावर गेली. मग हात सरकत सरकत साडीच्या आतल्या टोकाशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ते टोक वर धरलं, खिडकीच्या उजेडात.

ब्लाउज पीस कापलेला होता. तो वेगळी घडी घालून आत ठेवला होता. साडीला कात्री लावणारा कापडाचा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. कापलेली साडी ना विकता येते, ना परत गठ्ठ्यात ठेवता येते.

प्रमिलाताईंनी त्या कापलेल्या काठावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्या रडल्या, सरळ, पदराने तोंड न झाकता. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली, तिलाही त्यांनी बघू दिलं.

"त्याचीच कात्री आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून सरळ कापते तो. मीच शिकवलं त्याले."

मी त्यांचा मोबाईल पुढे केला. अशी गोष्ट त्या सोडणार नाहीत, असं मला वाटलं. हे पाहून त्यांच्या त्या दूरदूरच्या भाच्या वेड्या झाल्या असत्या. त्यांनी मोबाईल घेतला आणि पर्समध्ये टाकून चेन लावली.

"हे टाकणार नाही," त्या म्हणाल्या. "अन् ते डिलीट करणार नाही."

सौंसर आलं. पोपटी पदर खांद्यावर सारखा करत त्या माझ्या आधी उतरल्या, पिशवी छातीशी धरून. स्टँडवरच्या चहावाल्याने त्यांना साडीवरून ओळखलं, आणि तो हसला. त्या थांबल्या, पिशवी उचलून त्याला दाखवली आणि म्हणाल्या, "काय पाहून राहिला? भावानं देल्ली. फॉल लावाले चालली."